‘मी’चे अधिष्ठान

देकार्तपासून नीत्शेपर्यंत युरोपीय विचाराने ‘मी’लाच सर्व अस्तित्वाचे अधिष्ठान मानले आणि त्यामुळे जग त्या ‘मी’पुढे मांडलेली, मोजण्या-वापरण्याजोगी वस्तू होऊन बसले, असा आरोप जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरने केला. त्यात तथ्य आहे. पण १७९५च्या येना या जर्मन विद्यापीठनगरातल्या विचाराला तो लागू पडतो, हे मला मान्य नाही.

सुरुवात कांटची. १७८१च्या ग्रंथात त्याने दाखवले की अनुभव एकसंध राहतो, कारण ‘मी विचार करतो’ हे भान प्रत्येक प्रतीतीला जोडता येते. त्याच ग्रंथात त्याने, या भानावरून आत्मा नावाचे द्रव्य सिद्ध करू पाहणाऱ्यांची वाटही अडवली. हा ‘मी’ ज्ञानाची अट आहे, ज्ञानाचा विषय नव्हे.

कांटनंतरचा तत्त्वज्ञ फिक्टे इथेच अडला: मग हा ‘मी’ स्वतःला जाणतो कसा? मी स्वतःकडे वळून पाहतो आणि त्यातून मला आत्मभान येते, असे समजू. मग ज्याला पाहतो तो मीच, हे कशावरून ओळखले? आरशातला चेहरा आपला आहे, हे काही आरसा सांगत नाही. ओळख पटायला आधीची ओळख हवी, म्हणजे जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरले. म्हणून फिक्टे म्हणतो, ‘मी’ आधी असतो आणि मग स्वतःला जाणतो असे नाहीच. स्वतःला जाणणे हेच त्याचे असणे. या युक्तिवादाचे खरे मोल तत्त्वज्ञ डीटर हेन्रिखने १९६०च्या दशकात उलगडले. आत्मभानाविषयी इतका मूलगामी प्रश्न क्वचितच कुणी विचारला असेल.

येनात फिक्टेची व्याख्याने ऐकणाऱ्या तरुण कवी होल्डरलिनला मात्र हे पुरेसे वाटले नाही. १७९५ मध्ये एका सुट्या कागदावर त्याने आक्षेप लिहिला: ‘मी म्हणजे मीच’ म्हणताना जाणणारा आणि जाणला जाणारा अशी फाळणी होतेच. जिथे फाळणी आहे तिथे मूळ अधिष्ठान असू शकत नाही. ते फाळणीच्या आधीचे असायला हवे, आणि ते ‘मी’च्या मालकीचे नाही.

हे टिपण छापून आले १९६१ मध्ये. हायडेगर होल्डरलिनच्या कवितेवर व्याख्याने देत होता ती १९३४पासून. जी आत्मकेंद्री परंपरा तो मोडू पाहत होता, तिच्या ऐन मध्यावर त्याच कवीने ‘मी’ची मालकी नाकारली होती. तेही ‘मी’ला वगळून नव्हे. आत्मभानाचा प्रश्न शेवटपर्यंत ताणल्याशिवाय त्याला ही फाळणी दिसलीच नसती.