नांगराची निशाणी

सहामाहीचे पेपर तपासून झाले होते आणि दिवाळीला आठ-दहा दिवस उरले होते. अशा वेळी आत्याचा फोन आला. "शनिवारी ये. माळा रिकामा करायचाय. उंदीर, वाळवी आणि तुझे आजोबा, तिघांनी मिळून तिथं काय काय ठेवलंय ते तूच बघ." आत्याचे बोलणे हे असे. ऐंशी उलटली तरी जिभेचा फाळ बोथट झालेला नाही. आमच्या वाड्याच्या उरलेल्या दोन खोल्यांत ती एकटी राहते. यंदाचा हिवाळा तरी पुण्याला आमच्याकडे काढ, असे मी पाच वर्षे म्हणत होतो. ते तिने एकदाचे मान्य केले, ते माळा रिकामा करण्याच्या अटीवर.

आमचे गाव सुप्याच्या पुढे दोन-अडीच कोसांवर. पाऊस त्या मुलखात पाहुण्यासारखा येतो. आला तर आला, राहिला तर आपले भाग्य. शनिवारी सकाळच्या एसटीने मी निघालो तेव्हा पिशवीत दोन कपडे होते आणि एक कोरी वही होती. वही कादंबरीसाठी. गेली तीन वर्षे मी एक कादंबरी लिहितो आहे आणि तिचे नायक माझे आजोबा आहेत. निदान त्या सकाळपर्यंत तरी होते.

आमच्या घरात काळ मोजायच्या दोनच खुणा. एक 'जमीन जायच्या आधी' आणि दुसरी 'जमीन गेल्यावर'. आजीच्या पाटल्या जमीन जायच्या आधीच्या. मोठ्या काकांचे शिक्षण सुटले ते जमीन गेल्यावर. मी मॅट्रिकच्या पुढे शिकलो नाही यालाही वडील तेच कारण देत. वास्तविक त्याचे कारण गणित होते. कुळकायदा 1948 चा, त्याची मोठी दुरुस्ती 1956 ची, आणि 1 एप्रिल 1957 या दिवशी कसणारे कूळ हेच जमिनीचे खरेदीदार मानले गेले. किंमत ठरायची ती आकाराच्या वीस पटीपासून दोनशे पटीपर्यंत, आणि तीही हप्त्यांनी. "सरकारने आम्हाला एप्रिल फूल केले," असे आजोबा म्हणत आणि स्वतःच हसत नसत. आत्या तेव्हा तेरा वर्षांची होती. त्या रात्री आजोबा जेवले नाहीत, ओसरीवर कंदील न लावता बसून राहिले, हे तिने मला इतक्यांदा सांगितले आहे, की तो अंधार मी पाहिला आहे असेच मला वाटते. कादंबरीचे पहिले प्रकरण त्या अंधारानेच सुरू होते.

माळ्यावर पितळी समया निघाल्या, एक मोडका पाळणा निघाला, पंचांगांची चळत निघाली. आणि लाल रुमालात बांधलेले एक दप्तर निघाले. कादंबरीच्या नादाने दोन सुट्ट्या खर्चून मी मोडी शिकलो आहे. वाचन अजून पहिलीतल्या पोरासारखे, अक्षराला अक्षर लावीत. आत्या पिठले ढवळीत होती आणि मी चुलीच्या उजेडाशी बसून एकेक कागद उलगडीत होतो. बहुतेक पावत्या, खंडाचे हिशेब, लग्नाच्या याद्या. मग तो कागद आला.

शके 1799, ईश्वरनाम संवत्सर, वैशाख वद्य. म्हणजे इसवी सन 1877, मोठ्या दुष्काळाचे दुसरे वर्ष. नाव ईश्वराचे आणि पोटास दाणा नाही सबब, असे त्यात स्वच्छ लिहिलेले. चिंचेचे शेत पंचाहत्तर रुपयांस मुदतखरेदी लिहून दिले होते. पाच वर्षांत रुपये फेडले तर शेत परत. न फेडले तर खरेदी कायम. तोवर शेत कसायचे लिहून देणाऱ्यानेच, आणि व्याजाऐवजी अर्धा माल घेणाऱ्याच्या घरी आणून टाकायचा. घेणारे माझे खापरपणजोबा. बिकलम त्यांचेच सख्खे धाकटे भाऊ, गावचे कुळकर्णी. दोन साक्षींपैकी एक आमचा व्याही. लिहून देणाऱ्याला लिहिता येत नव्हते, म्हणून त्याच्या नावापाशी नांगराची निशाणी.

लिहून देणाऱ्याचे आडनाव वाचले आणि मी थांबलो. चिंचेचे शेत 1957 साली ज्या कुळाला मिळाले त्याच घराचे ते आडनाव.

मग सगळे जुळत गेले. पाच वर्षांत रुपये फिटले नाहीत. फिटणार कसे, अर्धा माल दर वर्षी आमच्या वाड्यात येत होता. शेत आमच्या नावावर चढले आणि ते घर आपल्याच शेतात कूळ होऊन राहिले. पिढ्यान्‌पिढ्या. आमच्याकडे 'जमीन गेली' ही गोष्ट सांगितली जाई. 'जमीन आली' ही कोणी सांगितली नव्हती. जणू ती आमच्याबरोबर जन्माला आली होती.

सुप्याचे नाव इतिहासात आहे ते याच कारणाने. 12 मे 1875 रोजी तिथल्या बाजाराच्या दिवशी कुणबी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. अमेरिकेतल्या यादवीच्या दिवसांत कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा कर्जे भराभर मिळाली. 1865 नंतर भाव कोसळला, त्यात सरकारने शेतसारा वाढवलेला, आणि सावकारांनी हात आखडता घेतला. लोकांना पाहिजे होते ते कागद. खते आणि रोखे बाहेर आणवून त्यांची होळी केली. ज्यांनी निमूट कागद दिले त्यांच्या अंगाला सहसा कोणी हात लावला नाही. सरकारने चौकशी बसवली आणि 1879 साली पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांसाठी कायदा केला. कागदाच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायची मुभा न्यायाधीशाला मिळाली. परंतु न्यायाधीशापर्यंत जायला वकील लागतो, आणि तो नांगराच्या निशाणीवर येत नाही. सुप्याचा राग मुख्यतः मारवाडी आणि गुजर सावकारांवर होता. आमच्या वाड्याकडे कोणी फिरकले नाही, आणि याचा अर्थ आमच्या घरात 'लोकांचा आपल्यावर जीव होता' असा पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. आमचा कागद तर त्या होळीनंतर दोनच वर्षांनी झालेला. खापरपणजोबांनी तो लाल रुमालात का बांधला असेल हे आता मला कळले.

मी आत्याला वाचून दाखवले. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "चुलीत घाल."

"अगं, पण..."

"पण काय? पंचाहत्तर रुपये दिले म्हणून ती माणसं जगली. दुष्काळात कोण कुणाला देतं? आणि शेत गेलंच ना शेवटी त्यांच्याकडे? फिटलं. आता तो कागद ठेवून कुणाचं भलं होणार आहे?"

तिचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. त्या वर्षी खेडीच्या खेडी उठून गेली होती. पंचाहत्तर रुपये म्हणजे एका घराचा जीव असेल. सावकार म्हटला की राक्षस, हे कादंबरीत सोपे असते. माझे खापरपणजोबा राक्षस नव्हते. ते हिशेबी गृहस्थ होते आणि पावसाने त्यांना साथ दिली नाही असे म्हणावे, तर न देऊन दिली.

त्या रात्री मला झोप आली नाही. आपल्या शास्त्रकारांनी ऋणाचा विचार फार बारकाईने केला आहे. बापाचे कर्ज मुलाने व्याजासकट फेडावे. नातवाने मुद्दल तेवढे द्यावे. पणतवावर बंधन नाही. व्याज मुद्दलाच्या पलीकडे जाऊ नये, हा दामदुपटीचा नियमही त्यांचाच. त्या हिशेबाने मी सुटलो. पणतूसुद्धा नव्हे, मी खापरपणतू. मला वाटते हे शहाणपणच आहे. नाही तर माणूस जन्मतःच दिवाळखोर व्हायचा.

पण मग अंथरुणात उठून बसावे असा एक प्रश्न आला. ऋण नातवापाशी संपते, तर तक्रार कुठे संपते? चिंचेच्या शेतातून मी एक कणीस खाल्लेले नाही. 1957 नंतर वीस-बावीस वर्षांनी माझा जन्म. तरी 'आमची जमीन गेली' हे मी शिक्षकखोलीत, मित्रांत, बायकोपुढे किती तरी वेळा म्हटले आहे, आणि म्हणताना माझा आवाज खरोखर जड झालेला आहे. आजोबांचे दुःख मी वारशाने घेतले. खापरपणजोबांचा कागद मात्र 'तो काळच तसा होता' म्हणून माळ्यावर टाकला. वारसा असा निवडून घेता येतो काय? भाऊ वाटणीला बसले आणि एकाने भांडी तेवढी घेतली, कर्ज घेतले नाही, तर आपण त्याला काय म्हणतो?

आजोबांचे दुःख खोटे नव्हते, हेही मी स्वतःला बजावले. कंदील न लावता बसलेला तो माणूस मला आजही प्रिय आहे. पण अंधारात ते एकटेच बसले होते काय? 1882 सालच्या एखाद्या रात्री चिंचेच्या शेताच्या बांधावर कोणी तरी असेच बसले असणार. तो अंधार मला कोणी सांगितला नाही.

रविवारी दुपारी आम्हाला त्याच घरी जेवायला जायचे होते. हा दर वर्षीचा पाठ. दिवाळीच्या आधी त्यांच्याकडून आत्याला बाजरी आणि शेंगा येतात, आत्याच्या चकल्या तिकडे जातात. जाताना मी कागद सदऱ्याच्या खिशात घातला. आत्याने पाहिले, पण ती बोलली नाही.

घरधनी माझ्याच वयाचे. डाळिंबाची बाग चांगली धरली आहे. हुलग्याची शेंगोळी केली होती. तिची चव पुण्यात मिळत नाही, हे मी दर वर्षी म्हणतो आणि दर वर्षी एक वाटी जास्त घेतो. जेवणे झाल्यावर त्यांची सातवीतली मुलगी एक मोठा कागद घेऊन माझ्यापुढे बसली. शाळेने वंशवृक्ष काढून आणायला सांगितला होता. आम्ही शिक्षक मुलांना असले काही तरी सांगत असतो. पणजोबांपर्यंत नावे लिहिली होती. वरच्या चौकटी रिकाम्या.

"गुरुजी, तुमच्याकडं किती पिढ्यांची नावं आहेत?"

"अकरा," मी म्हणालो.

"मग आमची का नाहीत?"

तिला उत्तर पाहिजे होते. टोमणा मारायचा नव्हता. बाप म्हणाला, "आपल्यात लिहिणारं कोण होतं, बाळ?"

मी कागद काढला. काय आहे ते सांगितले, वाचून दाखवले, काही वगळले नाही. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ते म्हणाले, "म्हंजे शेत आमचंच होतं."

"होतं," आत्या म्हणाली. "मग नव्हतं. मग झालं."

"आज्या म्हणायचा, माई. आम्हाला वाटायचं, म्हातारपणाची बडबड." ते दाराबाहेर पाहत राहिले. "हप्ते भरले त्यानं सरकारात. शेवटच्या हप्त्याला बैल इकला. आपल्याच शेताचे पैसे."

यावर मला काही सुचले नाही. क्षमा मागावी तर मी कोण, आणि न मागावी तर कागद घेऊन कशाला आलो? आत्या पदराशी चाळा करीत बसली होती. कागद चुलीत घालायला हवा होता, असे तिच्या मनात असेल तर मला तिला दोष देता येत नव्हता.

मुलीचे लक्ष मात्र दुसरीकडेच होते. "ह्याच्यात त्यांचं नाव आहे?"

होते. लिहून देणाऱ्याचे नाव, आणि 'बिन' म्हणून त्याच्या बापाचे नाव. दोन पिढ्या. ती नावे मी इथे लिहीत नाही. ती त्यांची आहेत. त्यांच्या घरात ती उरली नव्हती, आमच्या दप्तरात उरली होती. धनकोने जपली म्हणून ऋणकोची नावे राहिली. सुप्याच्या होळीत कर्जाबरोबर अशी किती नावे जळली असतील, असा विचार मनात आला आणि जळली तेच बरे झाले की काय, हे मला ठरवता येईना. मी सावकाश बालबोधीत दोन्ही नावे लिहून दिली. मुलीने रिकाम्या चौकटीत ती उतरवून घेतली. एकदा मोठ्याने वाचली. आतून तिची आजी बाहेर आली आणि म्हणाली, "पुन्हा वाच गं."

मूळ कागद मी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी दोन वेळा नको म्हटले, मग घेतला. भिंतीवरच्या खुंटीची पिशवी काढली. तिच्यात सातबारा होता आणि खरेदीचे जुने सरकारी प्रमाणपत्र होते. त्यांच्याबरोबर हाही गेला. पिशवीत टाकण्याआधी निशाणीवरून त्यांनी अंगठा फिरवला. "हात कापलेला दिसतोय," एवढेच म्हणाले.

मुलीला नावाशेजारी नांगर काढायचा होता. ती काढू लागली. आत्या इतका वेळ गप्प होती; ती पुढे सरकली, चष्मा सारखा केला आणि म्हणाली, "अगं, फाळ उलटा काढलास. आण इकडे ती पेन्सिल."