हरणीचा जीव आणि संख्येचा हिशेब

कागल पंचतारांकित एमआयडीसीत पाळी संपवून जुम्याच्या नमाजला येणाऱ्या एका बांधवाने मला प्रश्न विचारला. त्याचे गाव सोलापूरजवळ, नान्नजच्या माळरानालगत. तेथे काळविटांचे कळप ज्वारी फस्त करतात. “मौलाना, हरीण हलाल आहे. परदेशात तर कळप आवरण्यासाठी माद्याच मारतात. मग आम्ही मारली तर गुन्हा कसला?”

हिशेब खोटा नाही. एक नर अनेक माद्यांना पुरतो. म्हणून मादी मारल्यावरच कळप घटतो. लांडगे संपलेल्या स्कॉटलंडमध्ये तांबड्या हरणांच्या माद्यांची शिकार २१ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी चालते. पाडसे तोवर थोडी वाढलेली असतात; तरी आईविना ती थंडीत मरू नयेत म्हणून त्यांनाही आईसोबत मारण्याचा दंडक आहे. काळविटाची मादी तर वर्षभर केव्हाही विते. तिचे पाडस गवतात दडलेले असते. गोळी झाडणाऱ्याला ते दिसतही नाही.

मादी म्हणून ती निषिद्ध ठरत नाही. कुर्बानीतही मादी चालते. परंतु विण्यास टेकलेल्या जनावराची जबह हनफी फिक्हने मकरूह मानली. पाडसासाठी विनवणाऱ्या हरणीची लोकप्रिय कथा अनेक मुहद्दिसांनी कमजोर ठरवली आहे. पण अबू दाऊद यांच्या संग्रहात पाखराचा प्रसंग आहे. प्रवासात सहाबांनी त्याची पिले उचलली, तेव्हा प्रेषितांनी (स.) ती आईला परत करावयास लावली. सूरह माइदात इहराममध्ये शिकारीस मनाई आहे. यावरून कळते की शिकार ही सवलत आहे, मालकी हक्क नव्हे. आणि सवलतीला हाजत लागते.

हा पेच आपणच निर्माण केला. कोल्हापूर संस्थानात चित्ते सोडून काळविटांची शिकार होई. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. माळरानेही नांगराखाली गेली. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाची शिकार गुन्हा आहे, आणि देशाचा कायदा पाळणे हा आपला करार आहे. संख्या घटवण्याची खरीच गरज पडली, तर तो निर्णय जाणकारांनी मोजणी करून, पाडसांचा विचार करून घ्यावा. रागावलेल्या हातांनी नव्हे.

परंतु दयेचा उपदेश करून शेतकऱ्याला रिकाम्या हाती पाठवणे हाही जुलूमच. हरीण सर्वांना हवे असेल, तर त्याच्या चाऱ्याची किंमत एकट्या गरिबाने का भरावी? मी त्या बांधवाला बंदूक विसरावयास आणि वनखात्याकडे पंचनाम्याचा अर्ज करावयास सांगितले. तो अर्ज आम्ही दोघांनी मशिदीतच बसून लिहिला.