शंभर वर्षांनंतरचे शंभर रुपये

आजपासून शंभर वर्षांनी जन्मणाऱ्या माणसाचं सुखदुःख आपल्यापेक्षा हलकं धरावं का? हा प्रश्न मला कीर्तनात नाही, पुण्यात अर्थशास्त्राच्या एम.ए.ला असताना एक्सेलच्या एका चौकटीत भेटला. धरण असो वा रस्ता, पुढे मिळणारा प्रत्येक रुपया आजच्या किमतीत आणायचा, तर त्या चौकटीत डिस्काउंट रेट भरावा लागतो. पाच टक्के भरला की शंभर वर्षांनंतरचे १०० रुपये आज ७६ पैशांचे उरतात. १.४ टक्के भरला की जवळपास २५ रुपये. पाऊस तोच, जमीन तीच, पणतूही तोच.

या दरातला एक भाग मला पटतो. पुढची माणसं आपल्यापेक्षा सधन असतील, तर त्यांना एका रुपयाचं अप्रूप कमी. उरलेला भाग मात्र निव्वळ 'नंतर' असण्याबद्दलचा दंड आहे. केंब्रिजच्या फ्रँक रॅम्सेने १९२८च्या आपल्या बचतीवरच्या निबंधात हा दंड नैतिकदृष्ट्या टिकणारा नाही असं म्हटलं. रॅम्से नास्तिक, आणि त्याचा धाकटा भाऊ पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झाला. त्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर बसायला मला आवडलं असतं. २००६ मध्ये अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांनी हवामानबदलाच्या अहवालात हा दंड ०.१ टक्का ठेवला, तोही माणूसजातच नष्ट होण्याची शक्यता धरून. दुसरे अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांना ते मान्य नव्हतं. माणसं बाजारात प्रत्यक्ष कशी वागतात ते बघा, असं त्यांचं म्हणणं. गणित दोघांचंही चोख. भांडण आहे ते कुणाचं आपण किती देणं लागतो याचं, आणि त्याला आमच्याकडे धर्म म्हणतात.

माझं गाव संगमेश्वर तालुक्यात. गावाला देवरहाटी, म्हणजे देवासाठी राखलेलं रान, आहे: बेहडा, सातवीण, किंजळ, आणि मधून वाहणारा पऱ्या. बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला कोंडून घेते आणि नर फटीतून तिला फळं भरवतो. इथलं झाड तोडायचं तर देवाला कौल लावावा लागतो. गुरव गाऱ्हाणं घालतात, कशासाठी, किती झाडं, ते मानकऱ्यांसमोर मोठ्याने सांगतात, सगळे 'होय महाराजा' म्हणतात, मग पाषाणाला पाकळ्या लावतात. उजवी पडली तर होकार. ज्या मालकाला मरण नाही त्याला घाईही नाही, म्हणून इथे डिस्काउंट रेट शून्य, असं मी वर्गात मांडलं तेव्हा सगळे खूश झाले.

योगायोग बघा. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचे प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष लाभ मोजणारा त्यांचा अभ्यास १९४८चा. त्यांचे चिरंजीव माधवराव १९७०च्या दशकात वा. द. वर्तकांबरोबर सह्याद्रीतल्या देवराया धुंडाळत होते. वडील पाण्यापासून काय मिळालं ते मोजत होते, मुलगा न तोडल्यामुळे काय उरलं ते.

पण शून्य दर फुकट पडत नाही, हे मला आजीकडून कळलं. देवरहाटी घराच्या पाठीमागेच. तिथे वाळक्या फांद्यांचा खच पडलेला असायचा आणि आजी त्याला वळसा घालून पलीकडच्या डोंगरावर फाट्यांना जायची. "देवाच्या लाकडान चूल पेटत नाय," एवढंच ती सांगते. म्हणजे शंभर वर्षांनंतरच्यांसाठी गावाने जे राखलं त्याची किंमत बायकांनी डोक्यावरून वाहिली, आणि ती कुठल्याच रकान्यात नाही. १९७१ मध्ये अर्थतज्ज्ञ दांडेकर आणि रथ यांनी १९६०-६१च्या भावाने खेड्यात माणशी महिना १५ रुपये ही किमान गरजेची रेषा धरली. त्या रेषेखालच्याला पणतूसाठी अर्धी भाकरी बाजूला ठेव म्हणणं मला पाप वाटतं. कमी दर मला आजही योग्य वाटतो. पण त्याग कुणाकडून मागायचा हे ठरवल्याशिवाय तो दर लावणाऱ्याचा हेतू कितीही शुद्ध असला तरी बोजा मोळीवालीवरच येतो.

देवळाचा जीर्णोद्धार निघाला तेव्हा मुंबईच्या चाकरमान्यांनी कौल लावला. कारण सांगितलं, झाडं सांगितली, पाकळी उजवी पडली. किंजळ तुटले, सभामंडप उभा राहिला. मला त्यात लबाडी दिसत नाही. निदान कारण चारचौघांत बोललं गेलं, एक्सेलमधला दर तेवढंही बोलत नाही. आजीला मी विचारलं, मग वाळक्या फांद्यांसाठी तुम्ही बायकांनी कधी कौल का नाही लावलात? ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "आमचा गाऱ्हाना घालनार कोन?"