आजचा राजा कोण?

कोकणातल्या दशावतार या लोकनाट्याचा जुना रसिक खेळाचे नाव नंतर विचारतो. त्याआधी त्याचे दोन प्रश्न येतात. "राजा कोण आसा?" आणि "स्त्रीपार्टी कोण?", म्हणजे स्त्रीभूमिका करणारा पुरुष नट कोण. उत्तर मनासारखे मिळाले तर तो कानाला मफलर गुंडाळून निघतो, नाही तर घरी झोपतो. कथा त्याला पाठच असते. द्रौपदीची लाज राखली जाईल की नाही हे पाहायला कुणी रात्र जागवत नाही. या खेळाला लिहिलेली संहिता नसते. नाईकाने कथासूत्र सांगायचे, भूमिका वाटून द्यायच्या आणि बाकी सगळे नटाने उभ्या जागी रचायचे. आज हा राजा कुठे थांबेल, शब्द कसा टाकेल, समोरच्याला बोलण्यात कसा पकडेल, यासाठी रसिक जातो आणि पहाटे परतताना निकाल देतो. राजा भरात होता, स्त्रीपार्टी उणी पडली, नारदाने वेळ खाल्ला, विष्णू पडला.

हा शेवटचा निकाल साधा नाही. कारण याच माणसाने काही तासांपूर्वी, पडदा बाजूला होऊन गणपती आला तेव्हा, चपला काढून हात जोडले होते. मुखवट्यामागे कोण आहे हे त्याला ठाऊक होते. त्या नटाला त्याने संध्याकाळी देवळामागे चहा पितानाही पाहिले असेल. तरी हात जुळले, आणि मनापासून जुळले. मग देवाच्या वेषाला नमस्कार करणारा माणूस त्याच वेषाचे गुणदोष काढू शकतो का? ही श्रद्धेतली तूट आहे, की श्रद्धेचाच एक प्रकार?

हा प्रश्न खरवईतही विचारला जातो. बदलापूर पूर्वेला, औद्योगिक वसाहतीच्या कडेला हे गाव आहे. नोकरीसाठी कोकण सोडून उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात स्थिरावलेल्या घरांत दशावताराची चर्चा बारा महिने चालते, कारण खेळ बारा महिने पाहायला मिळत नाही. गावच्या जत्रेला जायचे तर आधी कल्याण, मग दिवा, मग पहाटेची सावंतवाडीची गाडी पकडायची. इतकी यातायात करून गेलेला माणूस मत बाळगणारच, आणि ते वर्षभर जपणारही.

हंगामाची सुरुवात कार्तिकात होते. तुळशीची लग्ने लागली, त्रिपुरारी पौर्णिमा आली, की सिंधुदुर्गातल्या जत्रा जाग्या होतात आणि कंपन्यांचे पेटारे निघतात. पावसाच्या तोंडापर्यंत रोज रात्री नवे गाव. वालावलकर, मोचेमाडकर, चेंदवणकर, खानोलकर, आजगावकर, पार्सेकर ही नावे रसिकाच्या तोंडी घरच्या माणसांसारखी असतात. प्रत्येकीचा बाज वेगळा. कुणाचे युद्धनृत्य बघावे, कुणाचे गाणे ऐकावे, कुणाकडे संवादाची धार. नेरूरच्या कलेश्वर मंडळाच्या सुधीर कलिंगण यांना लोकांनी 'लोकराजा' म्हटले. वडील बाबी कलिंगण यांचा वारसा त्यांच्याकडे होता. २०२२ मध्ये ते गेले, तरी आजही एखाद्या राजाची तारीफ करताना माप त्यांचेच लावले जाते. स्त्रीपार्टीचा विषय निघाला की ओमप्रकाश चव्हाणांचे नाव येते. अशी चर्चा मुंबई-पुण्याच्या नाट्यसमीक्षेइतकीच बारीक असते. फक्त ती छापली जात नाही.

पण जत्रेत एक गोष्ट रसिकाच्या हातात नसते. अमुक देवळाची जत्रा अमुक कंपनीचीच, ही वहिवाट अनेक ठिकाणी पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. गुण पाहून निवड व्हायची तर ती आख्यानाच्या, म्हणजे रात्रीच्या मुख्य कथेच्या, भूमिका वाटताना. देवळात उभे राहण्याचा अधिकार मात्र मानाने येतो. एकाच रात्रीत मान आणि गुण असे दोन वेगळे न्याय चालतात, आणि रसिकाच्या कोड्याचे उत्तर बहुधा इथेच सापडते.

समर्थ रामदासांनी या खेळाकडे पाहून एक धडा काढला होता. दासबोधाच्या सहाव्या दशकात दिसणाऱ्या जगाचा निरास करताना ते दशावतारी खेळाचा दाखला देतात. तिथे सुंदर स्त्रिया नेत्र मोडताना दिसतात, प्रत्यक्षात सगळे धट्टेकट्टे पुरुष असतात. मायेचे स्वरूप समजावण्यासाठी याहून चांगला दाखला महाराष्ट्राला ओळखीचा नसेल. तरी रसिकाचा अनुभव या दाखल्यात पूर्ण मावत नाही. आत पुरुष आहे हे त्याला पहिल्या क्षणापासून माहीत असते. माहीत असूनही तो बसून राहतो, आणि सीतेच्या विलापाने त्याचे डोळे भरतात. काश्मीरच्या अभिनवगुप्ताने हजार वर्षांपूर्वी याचे विवरण केले. प्रेक्षक नटाला राम समजत नाही आणि राम नाही असेही समजत नाही. नट आणि राम या दोघांपलीकडे जाऊन तो भावाचा आस्वाद घेतो. रामदासांना भ्रम मोडायचा होता, अभिनवगुप्ताच्या मते इथे भ्रम झालेलाच नसतो. रसिकाच्या बाबतीत दुसरे म्हणणे अधिक खरे वाटते. ज्याची फसगत झाली आहे, तो "स्त्रीपार्टी उणी पडली" म्हणणार नाही.

मात्र अभिनवगुप्त आस्वादाबद्दल बोलतो. जोडलेल्या हातांचे काय?

त्यासाठी दुसरीकडे पाहावे लागते. चौथ्या-पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या ख्रिस्ती समाजात मोठी फूट पडली. छळाच्या काळात डगमगलेल्या धर्मगुरूंच्या हातचे संस्कार खरे मानायचे का, हा वाद होता. डोनाटसचे अनुयायी म्हणत, गुरू शुद्ध नसेल तर संस्कारही फोल. ऑगस्टिनने उलट बाजू लढवली. संस्काराचे बळ देवाचे, देणाऱ्या माणसाचे नव्हे. ४११ मध्ये कार्थेजला परिषद भरून निर्णय डोनाटसच्या पक्षाविरुद्ध गेला. आपल्याकडे हा निर्णय कुठल्या परिषदेने दिला नाही, तो वागण्यात रुळला आहे. वारकरी कीर्तनात विशीतला कीर्तनकार उभा राहिला तरी सत्तरीतला माणूस त्याच्या पाया पडतो, कारण ती गादी नारदाची. तोच म्हातारा घरी जाताना सांगेल की पोराचा अभंगाचा पूर्वार्ध छान झाला, पण दृष्टान्त फार झाले. त्याला यात विसंगती दिसत नाही, आणि ती नाहीही.

काही परंपरांनी गुणाचा प्रश्न जवळपास बाजूलाच ठेवला. काशीजवळच्या रामनगरच्या रामलीलेत राम, सीता आणि तिन्ही भाऊ लहान मुले होतात. महिनाभर चालणाऱ्या त्या लीलेत रोज रात्री त्यांची आरती होते, काशीनरेश हजर असतात, लोक रामचरितमानस उघडून ओळींबरोबर पुढे सरकतात. मुले पाठ केलेले संवाद उंच आवाजात, सावकाश म्हणतात. अभिनय कसा झाला हे विचारणे तिथे अस्थानी ठरेल. याच्या अगदी समोर युरोपातला बॅले उभा आहे. तिथला जुना रसिक महिनाभर आधी भूमिकांची यादी पाहून तिकीट काढतो. 'स्वान लेक'मध्ये पांढरी आणि काळी राजहंसी अशी दोन्ही पात्रे एकच नर्तकी करते. १८९५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला पिएरिना लेन्यानीने त्यात एका पायावर सलग ३२ गिरक्या घेतल्या, तेव्हापासून प्रत्येक नर्तकीच्या गिरक्या मोजल्या जातात. पण त्या राजहंसीला कुणी नवस बोललेला नाही. तिथे टीका करायला कसलीच अडचण नाही.

दशावताराने ही दोन टोके एका रात्रीत बांधली. पालखीची प्रदक्षिणा झाली की आधी पूर्वरंग होतो, ज्याला आडदशावतार म्हणतात. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, भटजी पूजा सांगतो, सरस्वती येते, वेद पळवणारा काळ्या वेषातला संकासुर धुमाकूळ घालतो आणि विष्णू त्याचा वध करतो. मग आख्यान. गणपतीच्या चेहऱ्यावर मुखवटा असतो, आख्यानातल्या राजाचा चेहरा उघडा आणि रंगवलेला. हा फरक योगायोगाचा वाटत नाही. जिथे नमस्कार व्हायचा तिथे नटाचा चेहरा झाकला आहे. कोण उभा आहे हा प्रश्नच उठू नये अशी योजना आहे. जिथे चेहरा उघडा, तिथे प्रश्नाला वाव आहे. रसिकाने काढलेला निकाल या उघड्या चेहऱ्यावरचा असतो. पडला तो आख्यानातला विष्णू, संकासुराला मारणाऱ्या विष्णूला असा शेरा कुणी मारत नाही.

म्हणून रसिकाची चिकित्सा ही भक्तीची उणीव नाही. उलट ती भक्तीतून आलेली जबाबदारी आहे. देवाची भूमिका ढिसाळ झाली तर त्याला राग येतो, तो देवावरचा राग नसतो. देवासाठी एवढेही करता आले नाही का, असा तो राग असतो. अंबरनाथच्या शिवमंदिरात हेच दगडात दिसते. शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले शिलाहारांचे हे मंदिर खरवईहून फार लांब नाही. बाहेरच्या भिंतींवर देवदेवता, नर्तिका, नाचणारा शिव, आणि एकेका मूर्तीच्या हाताच्या मोडणीत कारागिराने ओतलेला जीव. मग सभामंडपातून पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जावे, तर साधी पिंडी. पिंडीला शिल्पकौशल्याची गरज नव्हती. तरी शिलाहारांच्या कारागिरांनी भिंतीवरचा एकही कोपरा आळसाने सोडला नाही.

दोन्ही न्याय एकाच माणसात एकत्र आल्याचे मराठीतले सर्वांत ठळक उदाहरण विष्णुपंत पागनीस यांचे आहे. रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारा हा नट 'प्रभात'च्या 'संत तुकाराम'साठी निवडला गेला, तेव्हा शंका घेतल्या गेल्या. दामले-फत्तेलाल यांनी निवड कायम ठेवली. १९३६ मध्ये चित्रपट आला, पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, आणि महाराष्ट्रात लोक पागनिसांच्या पाया पडू लागले. निवड पूर्णपणे गुणावर होती, आवाजावर, चेहऱ्यावर, गाण्यावर. नमस्कार मात्र गुणाला नव्हता. पाया पडणाऱ्या म्हातारीला पागनिसांचा आधीचा स्त्रीपार्ट माहीत असता, तरी ती वाकली असती असे मानायला जागा आहे. कोकणात तर ती रोजच तसे करते. आज द्रौपदी झालेला नट उद्या देव म्हणून तिच्यासमोर येऊ शकतो.

आता चिंता वाटावी असे जे काही आहे, ते संयुक्त प्रयोगांत आहे. वेगवेगळ्या कंपन्यांचे नावाजलेले नट एका रात्रीपुरते एकत्र आणायचे, याचा राजा, त्याची स्त्रीपार्टी, तिसऱ्याचा खलनायक, अशी ही मांडणी. मुंबईकर चाकरमान्यांनी तिला मोठा आश्रय दिला. दोन कसलेले नट, ज्यांनी एकमेकांचे डाव रोज पाहिलेले नाहीत, समोरासमोर आले की बोलणे खरोखर पेटते. रंगमंचावर चमत्कार दाखवणाऱ्या ट्रिकसीनच्या धुरापेक्षा तो आनंद कितीतरी वरचा आहे. पण शहरातल्या सभागृहाला घड्याळ असते, आणि वेळ कमी पडला की पहिली कात्री पूर्वरंगाला लागते. गणपतीचे दोन मिनिटांचे दर्शन, आणि लगेच आख्यान. परळचे १९२२ चे दामोदर नाट्यगृह कोकणी माणसाच्या लोककलांचे हक्काचे घर होते. २०२३ मध्ये ते पुनर्विकासासाठी बंद झाले, तेव्हा जागेसाठी योग्य तो आवाज उठला. पूर्वरंगासाठी असा आवाज उठत नाही. तो गेला तर रात्रभर फक्त उघडे चेहरे उरतात. मग दशावतार बॅलेसारखा होईल. कला म्हणून कदाचित अधिक देखणाही होईल. पण ज्या भागात कुणाचाही निकाल लावायचा नव्हता तो भागच नाहीसा झालेला असेल. संयुक्त प्रयोग ठरवणाऱ्या मंडळांनी तिकिटावर नटांची नावे छापावीत, जरूर छापावीत, आणि पूर्वरंग पूर्ण करावा. संकासुराला त्याचा वेळ मिळाला म्हणून कुणाची शेवटची लोकल चुकत असेल, तर प्रयोग तासभर आधी सुरू करता येतो.

याच विचाराने आणखी एका वादाचा निवाडा होतो. सिंधुदुर्गात आता महिलांची दशावतार मंडळे उभी राहिली आहेत आणि बाईने विष्णू व्हावे का, असे काही जण दबक्या आवाजात विचारतात. धर्माच्या बाजूने या प्रश्नात दम नाही. ज्या परंपरेने पुरुषाच्या अंगावरच्या साडीला सीता मानून शेकडो वर्षे हात जोडले, तिने नटाचे शरीर केव्हाच गौण ठरवले आहे. मुखवटा बाईच्या खांद्यावर बसला म्हणून गणपती बदलत नाही. उरतो तो आख्यानाचा प्रश्न, आणि तो जसा कोणत्याही राजाला तसाच तिला. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो का, पखवाजाच्या बोलावर पाऊल पडते का, प्रतिपक्षाने अवघड पुराणकथा काढली तर उत्तर तयार आहे का. खरवईचा रसिक एवढेच विचारील. आवडले तर पुढच्या जत्रेच्या आधी तिचे नाव घेऊन विचारील, आज राजा तीच आहे ना.