अविभक्त हिस्सा

शर्यतीच्या घोड्याचे बिल महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येते. खुराक, गवत, नालबंदी, सईसाचा पगार, रायडिंग बॉयचे वेतन, पशुवैद्याच्या भेटी, औषधे, ट्रेनरचे शुल्क आणि हंगाम बदलला की पुण्याहून मुंबईला नेणाऱ्या गाडीचे भाडे असे सारे त्यात क्रमाने मांडलेले असते. बेरजेखाली एक वेगळी ओळ असते: आपला हिस्सा, दहा टक्के. मी व्यवसायाने सनदी लेखापाल असल्यामुळे आयुष्यभर इतरांचे हिस्से काढून देत आलो. तरीही पहिल्या बिलातील त्या ओळीपाशी मी बराच वेळ थांबलो. सईसाच्या पगाराचा दहावा भाग काढता येतो. चार नालांच्या किमतीचाही काढता येतो. ज्याच्या खुरांना ते नाल ठोकले जातात त्याचा दहावा भाग कोणता, याचे उत्तर मात्र करारात दोनच शब्दांत दिले होते: 'अविभक्त हिस्सा'.

भागीदारीत घोडा बाळगणे आता आपल्याकडे असाधारण राहिलेले नाही. 1943 साली पहिली इंडियन डर्बी झाली तेव्हा ती जिंकणारी 'प्रिन्सेस ब्युटिफुल' ही घोडी बडोद्याच्या महाराजांची होती. मालक म्हटला की संस्थानिक किंवा मोठा उद्योगपती, असा तो काळ होता. आज रेसकार्डावर एका घोड्यापुढे पुष्कळदा चार-पाच नावे ओळीने छापलेली दिसतात. कारण सरळ आहे. घोडा रोज खातो, पण क्वचितच धावतो, आणि धावलेल्यांपैकी पहिल्या काहींच्याच वाट्याला बक्षिसाची रक्कम येते. हा तोटा एकट्याने सोसण्यापेक्षा वाटून घेणे शहाणपणाचे, आणि नोकरी-व्यवसाय करून निवृत्तीला आलेल्या आमच्यासारख्यांना तर तोच एक मार्ग होता.

आमच्या पिढीच्या घरांत रेसला जाणे म्हणजे घर बुडवणे असे मानले जाई, आणि त्या समजुतीला आधार नव्हता असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा दिला. कायदा स्पष्ट झाला, माझ्या आईचे मत त्याने बदलले नसते. परंतु पैज लावणारा आणि मालक यांच्यांत एक मूलभूत अंतर आहे. बाराशे मीटरची शर्यत सव्वा मिनिटाच्या आसपास संपते आणि पैज लावणाऱ्याचा घोड्याशी असलेला संबंधही तिथेच संपतो. मालकासाठी मात्र धापा टाकत, घामाने निथळत तबेल्याकडे परतणारा घोडा तेव्हाही आपलाच असतो.

पुण्यात पावसाळी हंगामात उजाडण्यापूर्वीच मैदान जागे होते. तिथे मी जाऊ लागलो तेव्हा मालकीचा एक निराळाच तक्ता माझ्या ध्यानात आला. आमच्या घोड्याला पहाटे उठवणारा, खरारा करणारा, त्याच्या पायांवरून रोज तळवा फिरवून कुठे उष्णता तर नाही ना हे पाहणारा सईस कोणत्याही कागदावर हिस्सेदार नव्हता. घोडा जिंकला तर त्याला बक्षिसी मिळे. हरला तर पगार तेवढाच. घोड्याने खुराक अर्धवट टाकला की त्याला आधी कळे, आम्हाला दुसऱ्या दिवशी संदेशातून. आम्ही पैसे देत होतो आणि ते आवश्यकच होते. तरी घोडा 'ठेवला' होता तो त्या माणसाने, हे मान्य करायला मला लेखापालाचा बराचसा अहंकार बाजूला ठेवावा लागला.

घोड्याच्या काळाचा हिशेबही विलक्षण आहे. आपल्याकडे शर्यतीच्या सर्व घोड्यांचे वय 1 जानेवारीला एका वर्षाने वाढलेले धरतात, मग शिंगरू जानेवारीत जन्मलेले असो वा एप्रिलमध्ये. दुसऱ्या वर्षी ते पाठीवर माणूस घेऊन धावायला शिकते. चौथ्या वर्षी डर्बी. सहा-सात वर्षांचे होईतो बहुतेकांची कारकीर्द उताराला लागते किंवा संपते. पण नीट सांभाळलेला घोडा पंचवीस वर्षांच्या पुढेही जगतो. म्हणजे ज्या वर्षांसाठी आपण त्याचे भागीदार होतो ती त्याच्या आयुष्याची जेमतेम एक पंचमांश. आमच्या करारात खरेदीचे कलम होते, बक्षिसाच्या वाटपाचे होते, हप्ता थकवणाऱ्याच्या हिश्श्याचे काय करावे याचे तर तपशीलवार होते. उरलेल्या चार पंचमांश आयुष्याविषयी एक ओळही नव्हती. तशी ती बहुतेक करारांत नसतेच; कोणी वाईट हेतूने गाळलेली नसते, कोणाच्या मनात आलेली नसते, एवढेच.

त्या रिकाम्या जागेची जाणीव आम्हाला झाली ती एका सकाळी. आमच्या घोड्याच्या पुढच्या डाव्या पायाच्या नळीमागे किंचित सूज आणि ऊब सईसाच्या तळव्याला लागली. तपासणीत कंडरेचे तंतू तुटल्याचे दिसले. कंडरा भरून येते, पण फार सावकाश. कित्येक महिन्यांची विश्रांती लागते आणि भरून आलेली जागा पूर्वीइतकी लवचीक राहत नाही. पुन्हा धावेल की नाही, धावला तर टिकेल की नाही, याची हमी कोणताही प्रामाणिक पशुवैद्य देत नाही. त्यात आमचा घोडा खच्ची केलेला, म्हणजे प्रजननाच्या दृष्टीनेही त्याचे मूल्य शून्य.

नंतर आमच्यांत जो विचारविनिमय झाला त्यात क्रूर असे कोणी नव्हते, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. एकाच्या मुलीचे परदेशातील शिक्षण सुरू होते. एकाने, हा छंद होता, धर्मादाय संस्था नव्हे, असे स्पष्टपणे म्हटले. बहुमताने ठरेल ते मान्य, असे म्हणून दोघे गप्प राहिले. प्रत्येकाचे म्हणणे वेगळे काढून पाहिले तर वाजवी होते. सर्वांची बेरीज केली तर मात्र असा निष्कर्ष निघत होता जो एकाही हिस्सेदाराने एकट्याने स्वीकारला नसता. एकट्या मालकाला घोड्यासमोर उभे राहून निर्णय घ्यावा लागतो. दहा जणांत तो निर्णय कोणीच घेत नाही. तो झालेला असतो.

कायद्याने याचा विचार केला आहे, पण पैशापुरता. भारतीय भागीदारी अधिनियम, 1932 मधील कलम 25 नुसार पेढीच्या कृत्यांसाठी प्रत्येक भागीदार इतरांसह संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असतो. धनको आपले सगळे येणे एकाच भागीदाराकडून मागू शकतो. माझा हिस्सा दहा टक्केच होता, ही सबब तिथे चालत नाही. मात्र त्याच अधिनियमाचे कलम 6 सांगते की सामाईक मालमत्तेचे उत्पन्न वाटून घेतल्यानेच सहमालक हे भागीदार ठरत नाहीत. आम्ही स्वतःला भागीदार म्हणवत होतो, पण त्या कलमाच्या काटेकोर अर्थाने बहुधा केवळ सहमालक होतो. अशिलांना हा भेद मी अनेकदा समजावून दिला होता. घोड्याच्या बाबतीत तो उपयोगी पडला नाही, कारण इथे येणे असलेला धनको मुका होता आणि कोणत्या कलमाखाली दाद मागावी हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

जनावर वाटून घेण्याची रीत आपल्या गावांना नवी नाही. एकच बैल बाळगण्याची ऐपत असलेले दोन शेतकरी वारंगुळ्याने आपापला बैल एकत्र आणून जोडी जुंपत. गाय किंवा शेळी अर्धेलीने दिली जाई; एकाची मालकी, दुसऱ्याची राखण, वासरा-करडांत दोघांचा वाटा. त्या व्यवस्थेला मी देव्हाऱ्यात बसवत नाही. थकलेला बैल बाजारात जाई, हेही तितकेच खरे. पण त्याला बाजारात नेताना त्याचे दावे कोणाच्या तरी हातात असे. आधुनिक सहमालकीत पैसे सर्वांचे असतात आणि दावे कोणाच्याच हातात नसते.

या संदर्भात वेल्समधील एका गावाची हकीकत पुष्कळांना ठाऊक असेल. केव्हन फॉरेस्ट या जुन्या खाणकामगारांच्या वस्तीत दारूच्या गुत्त्यात काम करणाऱ्या एका बाईने तेवीस जणांना आठवड्याला दहा पौंडांप्रमाणे एकत्र आणून 'ड्रीम अलायन्स' नावाचा घोडा वाढवला. 2008 मध्ये त्याची कंडरा जखमी झाली तेव्हा त्या सामान्य माणसांनी त्याच्याच कमाईतून खर्चिक उपचार करण्याचे ठरवले, आणि 2009 च्या डिसेंबरात त्याने वेल्श ग्रँड नॅशनल जिंकली. या कथेवर चित्रपट निघाला. मला त्या विजयापेक्षा त्यापूर्वीची त्यांची सभा अधिक महत्त्वाची वाटते. त्यांनी उपचार ठरवले तेव्हा घोडा पुन्हा जिंकेल हे त्यांना माहीत नव्हते. तो कधीच धावला नसता तरीही तो निर्णय तेवढाच योग्य ठरला असता, पण मग चित्रपट निघाला नसता.

निवृत्त घोड्याचे दुसरे एक आयुष्य पुण्याच्या परिसराने जगाला दाखवले आहे. 1946 साली स्थापन झालेल्या पूनावाला स्टड फार्मवरून निवृत्त घोडे हाफकिन संस्थेला दिले जात. घोड्याला अल्प मात्रेत विष टोचून त्याच्या रक्तात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांपासून सर्पदंशावरील प्रतिविष बनते. त्या अनुभवातूनच 1966 साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. सापाच्या दंशातून उठून पुन्हा शेतात गेलेल्या माणसाच्या आयुष्यात एखाद्या अनाम घोड्याचा वाटा असतो आणि त्या वाट्याचे मोल कोणत्याही ताळेबंदात मांडता येणार नाही. तरीही जो धावून थकला त्याच्याकडून पुढे रक्तही घ्यावे का, हा प्रश्न माझ्या मनातून पुरता जात नाही. ज्या दिवशी माझ्या घरातल्या कोणाला साप चावेल त्या दिवशी मी तो विचारणार नाही, हेही मला ठाऊक आहे.

आमच्या घोड्यापुरते असे ठरले की ज्यांना बाहेर पडायचे त्यांनी आपला हिस्सा इतरांना विनामूल्य द्यावा. ऐकायला हे उदार वाटते. ज्या मालमत्तेचे उत्पन्न शून्य आणि खर्च निश्चित, तिचा हिस्सा फुकट देणारा वस्तुतः आपले देणे दुसऱ्याकडे सोपवत असतो. आम्ही तिघे उरलो. माझा हिस्सा एक दशांशावरून एक तृतीयांशावर गेला. यात थोरवी काही नाही. आम्हा तिघांकडे तेवढी सवड आणि तेवढी मिळकत होती. सध्या घोडा शहराबाहेरच्या एका रायडिंग स्कूलमध्ये लहान मुलांना पाठीवर घेऊन संथ चालतो आणि त्याचे बिल, पूर्वीपेक्षा बरेच लहान, महिन्याच्या महिन्याला येते.

गेल्या वर्षी आम्ही आणखी एका घोड्यात हिस्सा घेतला. इतके होऊनही का, असा प्रश्न रास्त आहे. शेवटच्या दोनशे मीटरांत आपल्या रंगाचा सदरा पुढे सरकताना ज्याने पाहिला आहे, त्याला तो विचारण्यात अर्थ नाही. या वेळी कराराचा मसुदा मी केला. खरेदीच्या वेळीच प्रत्येकाने एक ठराविक रक्कम बाजूला ठेवायची, मिळेल त्या बक्षिसातून तीत भर घालायची, आणि हे दायित्व मालकी संपेपर्यंत नव्हे तर घोड्याच्या मृत्यूपर्यंत चालेल, असे कलम त्यात आहे. घोडा पंचवीस वर्षे जगला तर आपण असू का, असे एका भागीदाराने विचारले. मी कलमात 'आणि त्यांचे वारस' हे शब्द वाढवले. दोघांनी सह्या केल्या. तिसऱ्याने मुलाला विचारून सांगतो म्हणून मसुदा घरी नेला आहे.