चिंतेवर औषध घ्यावे काय?

मनास लागलेल्या घोरावर औषध घ्यावे किंवा न घ्यावे, हा प्रश्न आता खेड्यापाड्यांतही विचारला जाऊ लागला आहे. मुळशी तालुक्यात पौडापासून ताम्हिणीपर्यंत कोणत्याही वाडीवर जा. छातीत धडधड होते, हातापायांस मुंग्या येतात, पोटात गोळा उठतो, रात्र रात्र डोळ्यास डोळा लागत नाही, अशी तक्रार सांगणारे एखादे तरी मनुष्य भेटतेच. त्यास कोणी सांगतो, गोळी घे म्हणजे झोप लागेल. दुसरा सांगतो, गोळीच्या नादी लागू नकोस, मन घट्ट कर. तिसरा त्यास देवऋष्याकडे नेतो. आणि मंडळीतील कित्येक सद्भावी बंधू असे म्हणतात की, ज्याचा विश्वास दृढ आहे त्यास असल्या गोळीची गरजच काय? ह्या ओढाताणीत त्या बिचाऱ्याची चिंता मात्र दुप्पट होते. म्हणून ह्या विषयाचा थोडा निवांतपणे विचार करावा असे आम्हांस वाटते.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, भय हे स्वभावतः दुखणे नव्हे. भाताच्या खाचरात उतरता साप दिसला, तर काळीज उडते, श्वास जलद होतो, पायांत बळ येते व मनुष्य मागे सरतो. हे सर्व त्याच्या रक्षणासाठीच घडते. पण साप निघून गेला, खाचर वाळले, पीक घरात आले, तरी ज्याचे काळीज उडतेच आहे, आणि त्यामुळे ज्यास ना काम सुचते ना अन्न गोड लागते, अशी स्थिती कित्येक महिने चालली, तर तिला वैद्यकशास्त्र आजार म्हणते. चिता मेलेल्यास जाळते व चिंता जिवंतास, ही म्हण आपण एकमेकांस मोठ्या चातुर्याने ऐकवितो. परंतु जळणाऱ्यास ती ऐकवून काय उपयोग, हे कोणी पाहत नाही.

येथे खरी अडचण अशी की, साप आहे किंवा नाही हे पुष्कळदा बाहेरच्यास कळत नाही. आमच्या ह्याच तालुक्याचा इतिहास पाहा. टाटांच्या वीज कंपनीने मुळा-निळा नद्यांच्या खोऱ्यात धरण बांधण्यास घेतले, तेव्हा पन्नासाच्या आसपास गावांच्या जमिनींवर पाणी येणार असे ठरले, व १९२१ सालापासून १९२४ पर्यंत सेनापती बापटांसारख्या पुढाऱ्यांच्या मागे येथील मावळे शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. त्या वर्षांत ह्या खोऱ्यातील किती घरांत रात्री दिवा विझला नसेल! त्या शेतकऱ्यास झोप येत नव्हती, ह्यात त्याच्या मेंदूचा काहीएक दोष नव्हता. त्याची भाताची जमीन बुडणार होती, आणि ती बुडालीही. अशा वेळी कोणी घरोघर झोपेच्या गोळ्या वाटीत फिरला असता, तर त्याने दुखणे बरे केले असे म्हणावयाचे, की तक्रार बंद केली असे म्हणावयाचे? जे भय खऱ्या अन्यायाकडे बोट दाखविते, त्याचे बोट मोडणे हा उपचार नव्हे.

परंतु इतक्याने प्रश्न सुटत नाही. ७ जून २०२१ रोजी पिरंगुटाजवळ उरवडे येथे एका रसायनांच्या कारखान्यास आग लागली. तीत पंधरांहून अधिक कामगार गेले; त्यांपैकी बहुतेक स्त्रिया होत्या. अशा आगीतून वाचलेली, अथवा आपली शेजारीण जिने तीत गमावली अशी एखादी स्त्री डोळ्यांपुढे आणा. पुन्हा कारखान्यात पाऊल टाकताना ती थरथरते. तिला दोन गोष्टी विचारल्या पाहिजेत. आग लागली असता बाहेर पडावयास कारखान्यास दुसरी वाट आहे काय? आणि, बाई, घरी चूल पेटविताना, काडी ओढताना, तव्यातून धूर निघाला असताही तू अशीच थरथरतेस काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर ते काम मालकाचे व कारखाने तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचे आहे. तेथे तिला गोळी देऊन कामावर पाठविणे हे आमच्या मते पाप आहे. दुसऱ्याचे उत्तर 'होय' असेल, तर ते काम वैद्याचे आहे. तेथे तिला केवळ धीर धर असे सांगून परत पाठविणे हीही निष्ठुरताच होय. आणि दोन्ही उत्तरे तशीच आली तर? बहुधा तशीच येतात. न्याय्य भय आणि आजारी भय ही एकाच छातीत राहतात, आणि एक दुसऱ्यास खाऊ घालते. जो मनुष्य बारा रात्री झोपला नाही, त्यास तहसीलदारापुढे उभे राहून आपल्या सातबाऱ्याचे गाऱ्हाणे नीट सांगता येत नाही. त्याचे भय खरे असते, पण त्या भयाचे काम करण्याची शक्तीच भयाने खाल्लेली असते.

म्हणून औषधाची परीक्षा आम्ही एका कसोटीवर करतो: हे औषध ह्या मनुष्यास त्याचे काम करावयास उभे करील, की काम विसरावयास निजवील?

आता औषधांविषयी. 'गोळी' हा एकच शब्द आपण वापरतो, त्यामुळे फार घोटाळा होतो. कारण ह्या कामी दिल्या जाणाऱ्या गोळ्या मुख्यत्वे दोन अगदी भिन्न जातींच्या आहेत. पहिली जात तत्काळ निवविणारी. लिओ स्टर्नबाख नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने शोधलेले क्लोरडायझेपॉक्साइड १९६० साली बाजारात आले व १९६३ साली त्याचे भावंड डायझेपाम आले. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम ही त्याच कुळातील. घेतल्यावर थोड्याच वेळात धडधड ओसरते, डोळे जड होतात, आणि कित्येक दिवसांनी प्रथमच मनुष्य निजतो. ह्या उपकाराची थट्टा करू नये. पण काही आठवड्यांत शरीर त्या गोळीस सरावते, एकीच्या दोन लागतात, आणि एकाएकी बंद केली तर पूर्वीचे भय दुपटीने उलटते. क्वचित आकडीही येते. म्हाताऱ्या माणसांचा तिच्यामुळे तोल जाऊन हाड मोडते. दारूबरोबर ती घेतली, तर श्वास मंदावून प्राण जाण्याचा संभव असतो. दुसरी जात सावकाश काम करणारी. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम इत्यादी औषधे हिच्यात येतात. १९८७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले फ्लुओक्झेटिन हे ह्या जातीतील प्रसिद्ध औषध. ह्यांनी आज घेतले व आज झोप लागली असे होत नाही. गुण दिसावयास दोन ते सहा आठवडे लागतात, प्रारंभीचे काही दिवस घाबरेपणा किंचित वाढल्यासारखाही वाटतो, आणि नेमके तेव्हाच आमचे लोक कंटाळून औषध टाकून देतात. ह्यांची चटक लागत नाही. तरी तीही डॉक्टरच्या सल्ल्याने हळूहळूच कमी करावी लागतात. पहिली जात म्हणजे बुडणाऱ्यास फेकलेली दोरी. तिला धरून काठास यावे, जन्मभर लोंबकळू नये. दुसरी पाय टेकावयास जमीन देते, पण चालावयाचे ज्याचे त्यानेच.

दुर्दैव असे की, लोकांच्या हाती बहुधा पहिलीच येते, आणि तीही डॉक्टरच्या नव्हे तर दुकानदाराच्या हातून. अल्प्राझोलाम, डायझेपाम आदी औषधे २०१४ सालापासून 'एच-१' ह्या अनुसूचीत आहेत. म्हणजे चिठ्ठीवाचून ती विकता येत नाहीत, व विकणाऱ्यास घेणाऱ्याचे नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे ठेवावी लागते. असे असता मालेगावाकडे ह्याच अल्प्राझोलामास तरुण पोरांत 'कुत्ता गोळी' असे नाव पडून ती नशेसाठी विकली जाते. कायदा वहीत राहिला व गोळी गल्लीत गेली. कोणी म्हणतील, मग झाडपाल्याचे औषध बरे. त्यांनी आपल्या सह्याद्रीतील सर्पगंधेची हकीकत ऐकावी. वेड्यास शांत करावयास ही मुळी आपल्या देशात फार काळ देत आले आहेत. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील ह्यांनी १९४९ साली रक्तदाबावरील तिच्या गुणाविषयी लेख प्रसिद्ध केल्यावर जगाचे लक्ष तिच्याकडे गेले, आणि १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. पुढे असे दिसून आले की, ते घेणाऱ्या कित्येकांचे मन खोल विषादात जाते. रानात उगवले एवढ्यावरून काही निरुपद्रवी होत नाही.

आता जे औषधच नको म्हणतात त्यांच्याकडे वळू. त्यांपैकी काहींचे म्हणणे विचार करण्याजोगे आहे. ते म्हणतात, गोळीने आलेले धैर्य आपले नव्हे, ते उसने. ह्यावर आमचे म्हणणे असे की, जागरणाने आलेला भित्रेपणा तरी कोठे आपला होता? उपाशी मनुष्य चिडतो तेव्हा आपण त्याच्या स्वभावास नावे ठेवीत नाही, भाकर देतो. उलट पक्षी जे म्हणतात की ही गोळी मधुमेहाच्या गोळीसारखीच, तीत विचार करण्यासारखे काहीच नाही, त्यांचेही आम्हांस पुरते पटत नाही. साखर रक्तात मोजता येते आणि ती काही बोलत नाही. चिंता बोलते. ती कधी खोटे बोलते, कधी खरे. पण तिचे ऐकून घेतल्यावाचून तिला गप्प करावे असा अधिकार डॉक्टरासही नाही.

विश्वासाची उणीव म्हणून ज्यांस दोष दिला जातो, त्यांच्यासाठी एलीया संदेष्ट्याची गोष्ट पुरेशी आहे. राणीच्या धमकीने जीव घेऊन पळालेला तो पुरुष रानात झुडपाखाली मरण मागत पडला असता, त्यास प्रथम उपदेश झाला नाही. त्यास झोप मिळाली, भाकर व पाणी मिळाले, पुन्हा झोप व पुन्हा भाकर मिळाली. 'तू येथे काय करतोस' हा प्रश्न पुढे पुष्कळ दिवसांनी आला. मग काम आले, आणि कामाबरोबर अलीशा हा सोबतीही. धमकी देणारी राणी मात्र अद्याप गादीवरच होती. उपदेशक बंधूंनी हा क्रम लक्षात ठेवावा. आम्ही पुष्कळदा प्रश्नापासून आरंभ करतो.

औषधावाचून जे उपाय आहेत ते काही औषधाचे गरीब भाऊ नव्हेत. भय वाढते ते मुख्यत्वे टाळण्याने. घाटातून एस.टी.ने जावयास ज्याचा जीव घाबरतो, तो एकदा प्रवास टाळतो व त्यास बरे वाटते. त्या बरे वाटण्यानेच दुसऱ्या खेपेचे भय मोठे होते. त्यास उलट्या वाटेने न्यावे लागते: आज नुसते थांब्यावर जाऊन उभे राहावे, उद्या एक थांबा जाऊन उतरावे, धडधड होऊ लागली तरी ती ओसरेपर्यंत बसून राहावे, आणि असे करीत एके दिवशी माणगावापर्यंत जावे. आरोन बेक आदिकरून मनोवैद्यांनी गेल्या साठ वर्षांत ह्या रीतीचे शास्त्र बनविले आहे, व चिंतेच्या आजारांत तिचा गुण गोळीच्या तोडीचा असल्याचे पुष्कळ परीक्षांत आढळले आहे. शिवाय शिकविणे थांबले तरी तो टिकतो. श्वास मंद सोडणे, अंगमेहनत, झोपेची ठराविक वेळ ह्यांचाही उपयोग होतो. दिवसातून आठ वेळा कडक चहा व वर तंबाखू किंवा मशेरी, आणि मग छाती का धडधडते असे विचारणे, हे मात्र हास्यास्पद आहे.

परंतु असे शिकविणारा खेड्यात आणावा कोठून? ह्याचे उत्तर आपल्या शेजारीच मिळाले आहे. गोव्यात 'संगथ' ह्या संस्थेने २४ दवाखान्यांत एक प्रयोग केला, व त्याची हकीकत २०१० साली प्रसिद्ध झाली. वैद्यकाचे शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांस थोडे शिकवून चिंतेने व विषादाने पीडित लोकांशी नेमाने बोलावयास बसविले. गरज पडेल तेथे डॉक्टर औषध देत. सरकारी दवाखान्यांत ह्या रीतीने पुष्कळच अधिक लोक बरे झाले. खाजगी डॉक्टरांकडे फारसा फरक दिसला नाही. आमची समजूत अशी की, जेथे डॉक्टर रोग्यास नावाने ओळखतो तेथे ऐकून घेण्याचे काम थोडेबहुत आधीच होत असते. नाशिक जिल्ह्यातील ४१ गावांत 'आत्मीयता' नावाने असेच काम झाले. तेथे गावातील माणसांनाच शेजाऱ्याचे दुःख ओळखावयास व ऐकावयास शिकविले गेले. ह्यास मोठी विद्या लागली नाही. निंदा न करणे, चहाड्या न करणे, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येणे, एवढे लागले.

तेव्हा ज्याचे दुखणे हलके आहे, जो कष्टाने का होईना पण काम करतो, त्याने गोळीपूर्वी हे उपाय काही आठवडे मनापासून करून पाहावेत. ज्याची झोप, अन्न व काम तिन्ही गेली, जो उंबऱ्याबाहेर पडत नाही, त्याच्याजवळ बसून व्यायामाचे गुण गाऊ नयेत; त्यास डॉक्टरकडे न्यावे, रक्त तपासून घ्यावे, कारण गळ्यातील ग्रंथीचा विकारही हुबेहूब असाच दिसतो, आणि औषध दिले तर ते किती दिवसांसाठी व बंद कसे करावयाचे हे त्याच दिवशी विचारून घ्यावे. जो मरणाची भाषा बोलतो त्याच्याबाबत एक दिवसही थांबू नये. सलाईनची बाटली लावून घेतली म्हणजे चिंता वाहून जाते, ही समजूत तर सोडावीच. निवड करावयाची ती पीडिताने. आपण त्याच्या बाजूस बसावे.

पौडास ग्रामीण रुग्णालय आहे. त्यावाचून भारत सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही दूरध्वनी-सेवा चालविली आहे. १४४१६ हा क्रमांक फिरविला असता रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. ताम्हिणीच्या बाजूच्या वाड्यांवर पावसाळ्यात फोनची रेंज जाते. तेथील उपदेशक बंधूंनी कोणत्या टेकाडावर रेंज मिळते हे आधी पाहून ठेवावे, आणि बोलणारा बोलत असता थोडे दूर, पण दिसेल असे, उभे राहावे.