बंद फळ्यांच्या मागे



आपल्या नाक्यावर घड्याळदुरुस्तीचे एक जुने दुकान आहे. लाकडी फळ्यांचे दार आणि वर पुसट झालेली पाटी. आठवड्यातून एक-दोन दिवस, तेही तास-दोन तास उघडते, बाकी सारा वेळ कुलूप. कोणते दुकान ते तुम्ही ओळखले असेलच.

या धर्मग्रामात आलो तेव्हा मलाही त्या दुकानाविषयी कुतूहल वाटले. दोघा-तिघांना विचारले आणि प्रत्येकाकडून वेगळी गोष्ट ऐकली. एकजण म्हणाला, जागा बिल्डरला देऊन झाली आहे. दुसरा म्हणाला, म्हाताऱ्याकडे पुष्कळ पैसा आहे, त्याला गिऱ्हाईक नकोच. तिसरा म्हणाला, चर्चवर रुसला आहे, म्हणून तर मिस्साला दिसत नाही. मी ऐकून घेतले, मान हलवली आणि पुढे गेलो. असे दोन वर्षे चालले.

काही महिन्यांपूर्वी धर्मशिक्षण वर्गातल्या एका मुलाला घरात आपल्या वारलेल्या आजोबांचे एचएमटीचे चावीचे घड्याळ सापडले. ते बंद होते. दुकान उघडे दिसताच तो थेट आत गेला. "आजोबा, हे चालू होईल का?" त्यांनी डोळ्याला भिंग लावले, मागचे झाकण उघडले आणि त्याला आतली केसासारखी बारीक स्प्रिंग दाखवली. "मोडले नाही रे बाळा, आतले तेल सुकले आहे. धुऊन देतो." पुढच्या रविवारी ते टिकटिकणारे घड्याळ त्याने वर्गात सर्वांच्या कानाला लावले. आणि मला म्हणाला, "फादर, आत एक आजी झोपून असतात. त्यांना उठता येत नाही."

त्या संध्याकाळी मी दार ठोठावले. पुढे जे लिहितो ते त्या दोघांच्या परवानगीने लिहितो.

असली दुकाने का मिटली हे आपण जाणतोच. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूला एचएमटीचा घड्याळांचा कारखाना निघाला. ते घड्याळ लग्नात जावयाला आणि निवृत्त होणाऱ्याला देण्याची रीतच पडली. दर काही वर्षांनी ते साफ करून घ्यावे लागे, म्हणून कारागिराच्या हाताला काम होते. मग सेलवरची घड्याळे आली, नंतर मोबाइल आले. २०१६ साली सरकारने एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला.

पण हे दुकान बंद असते त्याचे कारण वेगळे आहे. दुकानामागच्या खोलीत त्यांची पत्नी सहा वर्षे अंथरुणाला खिळून आहे. तिला भरवणे, कूस बदलून देणे, औषध देणे हे सारे तेच करतात. मेहुणी येऊन बसते तेवढेच तास फळ्या निघतात. रविवारी ती येऊ शकत नाही, म्हणून मिस्सा चुकते. रुसवा कसला नाही आणि बिल्डरही नाही.

"मग कोणाला सांगितले का नाही?" मी विचारले. ते म्हणाले, "फादर, लोक मला एवढेच विचारतात, दुकान विकणार का? घरी कसे आहे, हे कोणी विचारले तर सांगेन ना."

आणि त्यांची पत्नी हळूच म्हणाली, "पहिल्या शुक्रवारी तुम्ही ख्रिस्तशरीर घेऊन या गल्लीतून पुढे जाता. मी खिडकीतून क्रूसाची खूण करते."

बंधुभगिनींनो, तिचे नाव आजाऱ्यांच्या यादीत नव्हते. ते कोणी दिले नाही आणि मी शोधले नाही. येशूला हातात घेऊन मी दोन वर्षे तिच्या दारावरून जात होतो.

आजच्या शुभवर्तमानात (लूक १६:१९-३१) श्रीमंत माणसाच्या दाराशी लाजरस पडून आहे. त्या श्रीमंताने त्याला मारले नाही, हाकलले नाही. पण मेल्यानंतर तो अब्राहामाला काय सांगतो ते लक्ष देऊन वाचा. तो लाजरसाचे नाव घेतो! म्हणजे आपल्या दाराशी कोण पडले आहे, हे त्याला ठाऊक होते. ठाऊक असूनही तो वाकला नाही, हेच त्याचे पाप. येशूच्या दाखल्यांत नाव लाभलेले हे एकच पात्र आहे. जगाने ज्याला वगळले त्याचे नाव देवाने लक्षात ठेवले.

आपली आठवी आज्ञा केवळ कोर्टातल्या खोट्या साक्षीपुरती नाही. पुरेसा आधार नसताना शेजाऱ्याविषयी वाईट मत करून घेणे, हेही त्या आज्ञेविरुद्ध आहे, असे ख्रिस्तसभा शिकवते. नाक्यावर चहा पिताना आपण हे किती सहज करतो! मीही केले, कारण ऐकून गप्प राहिलो.

कुतूहल वाईट नाही, त्या मुलालाही ते होतेच. पण आपण रस्त्यावर उभे राहून एकमेकांना विचारत राहिलो, तो आत जाऊन त्यांनाच विचारून आला.

२०२१ पासून जुलैच्या चौथ्या रविवारी आपण आजी-आजोबा व वृद्धांचा जागतिक दिन पाळतो. उरलेल्या दिवसांचे काय? या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने आपल्या आळीतल्या एका बंद दाराशी जावे. हातात काही नसले तरी चालेल. "घरी कसे आहे?" एवढे विचारावे आणि उत्तर ऐकायला थोडे बसावे. कोणी अंथरुणावर असेल तर नाव धर्मग्रामाच्या कार्यालयात द्यावे. रविवारी तासभर त्या आजींजवळ बसायला कोणी तयार असेल तर मला भेटावे, म्हणजे आजोबांना मिस्साला येता येईल.

गेल्या पहिल्या शुक्रवारी मी त्या खोलीत ख्रिस्तशरीर घेऊन गेलो. भिंतीवरची सारी घड्याळे वेगवेगळी वेळ दाखवत होती. आजी म्हणाल्या, "आलात ना, मग उशीर झाला नाही." मला मात्र तो झालेला उशीर विसरता येत नाही. तुमच्या वाट्याला तो न येवो, हीच प्रभूचरणी प्रार्थना.

ख्रिस्तामध्ये तुमचा,
प्रमुख धर्मगुरू